आधी ब्रेक, मग रंग

दसऱ्याच्या दिवशी गावातली कुठलीही गल्ली बघा. सकाळपासून गाड्या धुतल्या जातात, झेंडूच्या माळा चढतात, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. ओवाळायला घरातल्या बाईला हाक मारतात. गाडी म्हणजे लक्ष्मी, मग तिला कुंकू घरच्या लक्ष्मीनंच लावायचं! पण तीच गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडली आणि घरातली मुलगी हातात पाना घेऊन खाली वाकली, की लगेच आवाज येतो, "तू हो बाजूला, कपडे खराब होतील." पूजेला हात चालतो, ग्रीसला चालत नाही. असं का बरं?

हा विषय आज निघाला तो एका जुन्या बग्गीमुळे. बग्गी म्हणजे लग्नातली घोड्याची नव्हे हं! लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यात मोटारीचं इंजिन, जाड टायर, दारं नाहीत, छप्पर नाही. रस्ता सोडून वाळूत, माळावर, शेतात चालणारी ही गाडी. परदेशात हौशी लोक ती घरच्या घरी बनवतात. आपल्याकडेही हुन्नरी माणसं अशी गाडी जोडतात, फक्त तिला 'बग्गी' म्हणत नाहीत. कुणी 'जुगाड' म्हणतं, कुणी 'आबांची गाडी' म्हणतं.

आमच्या शेजारणीकडे अशीच आबांची गाडी आहे. तिचे सासरे फिटर होते. हाताला विलक्षण कसब. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांनी भंगारात निघालेली एक फियाट घेतली. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि चाकं काढून, पाइप वाकवून, जोडून त्यांनी स्वतःची गाडी उभी केली. मळ्याच्या वाटेवर बैलगाडी रुतायची तिथं ही जायची. खताची पोती, कडब्याच्या पेंढ्या, शाळा सुटलेली पोरं, सगळं तिच्यावरून घरी यायचं. आबा गेले आणि गाडी गोठ्याच्या कडेला उभी राहिली, ती तब्बल पंधरा वर्षं. कोंबड्या सीटवर अंडी घालायला लागल्या.

गेल्या वर्षी भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला, आणि घरात वाद सुरू झाला. धाकटा मुलगा सतरा वर्षांचा. त्याला गाडी हवी होती, पण मोठ्ठे टायर लावून, उंच करून, लाल रंग मारून, वर दिव्यांची पट्टी बसवून. थोरली मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. ती म्हणत होती, आधी सगळी उघडून बघू. दीर म्हणत होते, "पोरीचं लग्नाचं वय. स्थळं यायच्या दिवसांत ही गोठ्यात गाडीखाली झोपलेली बरी दिसेल का?" शेजारीण माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा, भंगारात देऊ की पोरांना देऊ?"

मी मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई. इंजिनातलं मला काय कळणार? पण बचत गटाच्या वह्या वर्षानुवर्षं सांभाळल्या की एक गोष्ट नक्की कळते. कुठला खर्च आधी करायचा आणि कुठला नंतर, हे ठरवणाऱ्याच्या हातात घर असतं. म्हणून मी तिला सांगितलं, "पोरांना दे. दोघांना दे. पण पैशाची वही तुझ्याकडे ठेव आणि पहिल्या पानावर लिही, आधी ब्रेक, मग रंग."

हे मत मी आज तुमच्यापुढेही ठेवतेय, कारण प्रश्न एका घराचा नाही. अंगणात, गोठ्यात, गॅरेजमध्ये पडलेली जुनी गाडी पुन्हा चालू करायचं वेड मुलांना लागतंच. आपण बहुतेक वेळा एक तर "नको ते उद्योग" म्हणून ओरडतो, नाही तर चहा नेऊन देतो आणि बाकी सगळं पुरुषांवर सोडतो. या दोन्हींच्या मधली एक जागा आहे. ती आपण घ्यायला हवी.

आता ही बग्गी आली कुठून, ते थोडं ऐका. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ब्रूस मेयर्स नावाचा नावा बांधणारा कारागीर होता. त्याने १९६४ मध्ये नावेसारखंच फायबरग्लासचं हलकं अंग बनवलं. फोक्सवॅगन कंपनीची 'बीटल' ही छोटी गाडी तुम्ही सिनेमात पाहिली असेल, तिचं इंजिन त्याला जोडलं. 'मेयर्स मॅन्क्स' हे त्या गाडीचं नाव. पुढे सुट्ट्या भागांचा संच विकत घेऊन हजारो लोकांनी आपापल्या घरी अशा बग्ग्या जोडल्या. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा या वाळवंटी पट्ट्यात लांब पल्ल्याची शर्यत झाली, ती याच गाडीनं जिंकली. गंमत म्हणजे मेयर्सचा धंदा मात्र बुडाला. इतरांनी नक्कल केली, कोर्टात पेटंट टिकलं नाही आणि १९७१ मध्ये कंपनी बंद पडली. मेयर्स २०२१ मध्ये वारला तेव्हा ९४ वर्षांचा होता. त्याच्या हयातीतच त्याची पहिली बग्गी अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदीत गेली होती.

त्या बाहाचंच नाव घेऊन १९७६ पासून अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली. २००७ पासून ती भारतातही होते, 'बाहा एसएई इंडिया' या नावानं. इंदूरजवळच्या पीथमपूरला देशभरातल्या कॉलेजांची मुलंमुली स्वतः बनवलेल्या एकेका सीटच्या बग्ग्या घेऊन जमतात. तिथं शेवटची चार तासांची खडतर शर्यत असते. पण त्या शर्यतीत कुणाला उतरू द्यायचं, हे आधी तपासणीत ठरतं. आणि तपासणीत कोणी रंग बघत नाही! गाडी धावत आणून ब्रेक दाबायचा, चारही चाकं एकदम जागच्या जागी थांबली पाहिजेत. नाही थांबली तर परत जा, दुरुस्त करून आणा. चालवणाऱ्याला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. इंजिन बंद करायचं बटण दोन ठिकाणी पाहिजे, एक चालवणाऱ्याच्या हाताशी आणि एक बाहेरून कुणालाही दाबता येईल असं. हेल्मेट आणि वरचा लोखंडी पिंजरा यांत सहा इंच तरी अंतर हवं. वेल्डिंगचा नमुना कापून दाखवावा लागतो, जोड आतपर्यंत गेलाय की वरवर चिकटवलाय ते कळायला.

शेजारणीच्या मुलीनं हे नियम वहीत उतरवून घेतले आणि आबांच्या गाडीला लावून पाहिले. मग जे दिसलं ते ऐका. सांगाडा वरून धड दिसत होता. तिनं हातोडीनं एकेक पाइप वाजवून पाहिला. चांगला पाइप खणखणीत वाजतो, आतून गंजलेला भद्द आवाज करतो. माठ घेताना आपण बोटानं वाजवून बघतो ना, तसंच. सीटखालचे दोन पाइप भद्द वाजले. तारेच्या ब्रशानं घासल्यावर तिथं स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला! कोंबड्यांच्या विष्ठेनं आणि गोठ्याच्या ओलीनं लोखंड खाल्लं होतं. वरून लाल रंग मारला असता तर हे कुणाला दिसलं असतं?

ब्रेकची गोष्ट त्याहून गंभीर. जुन्या व्यवस्थेत एकच नळी चारही चाकांना जात होती. ती कुठंही फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या नळ्या असतात, एक गेली तरी दुसरी काम करते. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतही ही सक्ती आहे. शिवाय ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. पंधरा वर्षांत आतले सिलिंडर गंजून घट्ट बसले होते. म्हणून वहीतला पहिला खर्च दोन भागांच्या मास्टर सिलिंडरचा, मग नळ्या, चाकाचे सिलिंडर, लायनर आणि बेरिंग. दुसरा खर्च नवे पाइप आणि चांगल्या वेल्डरची मजुरी. साडेचौदा हजार रुपये गेले आणि गाडी अजून गंजलेलीच दिसत होती. मुलगा वैतागला. "एवढे पैसे घालून दिसलं काय?" त्याच्या आईनं वही पुढे केली. म्हणाली, "दिसलं नाही, पण थांबेल."

फियाटचे भाग शोधणं सोपं नव्हतं. या गाडीचं उत्पादन कधीच बंद झालंय. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. जिल्ह्याच्या गावी जुन्या बाजारात मुलगी दोन वेळा गेली, तेव्हा दुकानदार तिच्या भावाशीच बोलत राहिला. तिसऱ्या वेळी तिनं जुना सिलिंडर टेबलावर ठेवला आणि आतल्या दट्ट्याचं माप तोंडपाठ सांगितलं. मग तो तिच्याशी बोलायला लागला.

मोठे टायर आणि उंची यावरून घरात बरीच झकाझकी झाली. इथं मात्र आपल्या डोक्यावरचे हंडे कामाला आले! एक हंडा घेऊन उतारावर चालणं वेगळं आणि एकावर एक दोन घेऊन चालणं वेगळं. भार वर गेला की तोल जायला वेळ लागत नाही. गाडीचंही तेच. उंच केली की बांधावरून आडवी घेताना उलटायची भीती वाढते. आणि चाक मोठं केलं की त्याच ब्रेकला ते थांबवायला जास्त जोर लागतो. हे बहिणीनं भावाला कागदावर काढून दाखवलं, तेव्हा त्यानं मोठ्या टायरचा हट्ट सोडला. वरचा पिंजरा मात्र नवा बसवायचा, हे दोघांनी मिळून ठरवलं. आबांच्या गाडीत तो नव्हताच. जुनी गाडी दुरुस्त करताना बदल करायचाच, तर असा करावा.

आता कायद्याचं. हे आईनं नीट वाचावं. नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याचं ३९ वं कलम सांगतं. घरी बनवलेल्या गाडीला अशी नोंदणी मिळणं फार अवघड. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराची गोष्ट आठवते का? भंगारातून त्यानं छोटी जीप बनवली होती, मोटरसायकलसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या डिसेंबरात तिचा व्हिडिओ देशभर गाजला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण सोबत हेही लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी तिला अडवतील. त्यांनी त्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. सगळ्यांच्या नशिबी बोलेरो नसते, मैत्रिणींनो! नियम मात्र सगळ्यांना तोच.

आणि मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं १९९-अ कलम लक्षात ठेवा. अल्पवयीन मुलानं रस्त्यावर वाहनाचा गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक जबाबदार. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्सही मिळत नाही. म्हणून शेजारणीची अट साधी आहे. गाडी मळ्यात चालेल, बांधाच्या आत. डांबरी सडकेवर नाही, एकदाही नाही. मळ्यातसुद्धा धाकट्यानं अठरा पूर्ण होईपर्यंत फक्त पाना धरायचा, स्टिअरिंग नाही.

काही गोष्टी घरातल्या बाईनं स्वतः बघाव्यात, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. बंद गोठ्यात इंजिन सुरू करू देऊ नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही, पण तो जीव घेतो. पेट्रोलची जुनी टाकी गळकी असेल तर ती वेल्डिंगला देऊ नका. रिकामी दिसली तरी आत वाफ असते, स्फोट होतो. टाकी बदलूनच टाका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी शिरत असेल तर हात धरून बाहेर ओढा. आधी खाली भक्कम टेकू लावा. वेल्डिंगची काच डोळ्यांवर असल्याशिवाय लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नका.

आणि केस, ओढणी, पदर. २०१८ च्या फेब्रुवारीत हरियाणात पिंजोरला गो-कार्टच्या चाकात केस अडकून एका विवाहितेचा जीव गेला. नवरा आणि लहान मूल सोबत होतं. अशी बातमी वाचली की लगेच म्हटलं जातं, "म्हणून तर बायकांनी या फंदात पडू नये." मी उलट म्हणते, फिरणारा भाग उघडा का ठेवला, ते विचारा. चाकाला, बेल्टला, शाफ्टला जाळी लावा. मुलींनी केस बांधून हेल्मेटच्या आत घ्यावेत, ओढणी घरी ठेवावी, अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत. मिक्सरचं झाकण नसेल तर आपण मिक्सर लावत नाही. स्वयंपाक सोडून देतो का?

बायका आणि यंत्र हे काही आजचं नातं नाही. मोटार जन्मली तेव्हाच त्यात एका बाईचा हात होता. जर्मनीच्या कार्ल बेंझनं पहिली मोटार बनवण्याआधीच त्याच्या बायकोनं, बर्थानं, आपला हुंडा त्याच्या कारखान्यात घातला होता. गाडी तयार झाली, पण लोकांचा विश्वास बसेना. मग ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता ती दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून माहेरी, फॉर्झहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल पंप नव्हतेच, तिनं वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली, असं सांगतात. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा तिनं चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. घरी बनवलेल्या गाडीत बाईनं केलेली पहिली सुधारणा कुठली? ब्रेकची! परत आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, चढाला गाडी दमते, आणखी एक गिअर बसव. तोही पुढे बसला.

आता दिरांच्या प्रश्नाकडे येऊ. लग्नाच्या वयाची मुलगी गाडीखाली बरी दिसते का? मला वाटतं, डिप्लोमाच्या तीन वर्षांत तिला जे मिळालं नाही ते या गोठ्यात मिळालं. गंजून बसलेला बोल्ट न तोडता कसा सोडवायचा, जुन्या बाजारात भाव कसा करायचा, "हा पाइप चालणार नाही" हे चार पुरुषांसमोर कसं सांगायचं. उद्या ती नोकरीच्या मुलाखतीला जाईल तेव्हा हे सांगू शकेल. सासरी जाईल तेव्हाही हे तिच्याबरोबर जाईल. जे स्थळ हातावरचं ग्रीस बघून परत जाईल, ते गेलेलंच बरं.

पैशाचा आक्षेप खरा आहे, तो मी नाकारत नाही. एवढ्या पैशात आणखी थोडे घातले तर एखादी जुनी मोपेड आली असती. आबांची गाडी नवा पैसा मिळवून देणार नाही. म्हणून मर्यादा आधीच ठरवावी. सांगाड्याचा बराच भाग कुजलेला निघाला तर मोह सोडून भंगारात द्यावी. फोटो काढून भिंतीवर लावावा, आठवण तेवढ्यानंही राहते. सणासाठी, फीसाठी ठेवलेल्या पैशाला हात लावू नये. दर महिन्याला ठरलेली रक्कम, आणि ती संपली की काम पुढच्या महिन्यात. जुन्या गाडीला घाई नसते.

सध्या त्या गाडीला रंग नाही. सांगाड्यावर नुसता रेड ऑक्साइड आहे, सीटच्या जागी फळी आहे. पण मळ्यात तिची ब्रेकची परीक्षा झाली. थोरलीनं चालवली, धाकट्यानं चुन्याची रेघ मारली होती. पहिल्या दिवशी एक मागचं चाक फिरतच राहिलं. पुन्हा चार दिवस काम. दुसऱ्या वेळी चारही चाकं रेघेच्या अलीकडे थांबली.

मैत्रिणींनो, यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी जुनी स्कूटर, जीप, ट्रॅक्टर, काहीही उघडून बसलं असेल, तर चहाचा ट्रे ठेवून लगेच आत वळू नका. एक पाटला घेऊन तिथं बसा. विचारा, "थांबते का? लोखंड वाजवून पाहिलं का? पिंजऱ्याचा जोड कुणी केला?" आणि दारात उभी राहून बघणारी एखादी मुलगी दिसली, मग ती तुमची असो की शेजारची, तिच्या हातात तेरा-चौदाचा पाना द्या.